चित्रपटावर बेतलेला गेम घेण्यापूर्वी: नवख्यांसाठी मार्गदर्शक

नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फी भरला की चित्रपटांविषयीचे बोलणे मांडवीच्या काठावरून थेट डिचोली-साखळीच्या तिठ्यांपर्यंत पोचते, आणि अलीकडे त्यातून एक प्रश्न हमखास निघतो: अमुक चित्रपट आवडला, त्याचा गेमही आहे म्हणे, तो घ्यावा का? विचारणारा बहुधा नवखा असतो. त्याने फोनवर क्रिकेटचे किंवा पत्त्यांचे गेम खेळलेले असतात, आता घरात बऱ्यापैकी लॅपटॉप किंवा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) आलेला असतो, आणि सुरुवात ओळखीच्या नावापासून करावी असे त्याला वाटते. वाटणे स्वाभाविक आहे. पण गेमच्या बाबतीत ओळखीचे नाव ही सर्वांत कमी भरवशाची खूण आहे. गाजलेल्या चित्रपटांवर अगदी टाकाऊ गेम निघाले आहेत आणि बेताच्या चित्रपटांच्या नावावर निघालेले काही गेम लोक वीस वर्षांनंतरही आवडीने आठवतात. गेमचा दर्जा ठरतो तो मुख्यतः दोन गोष्टींवर: तो करणाऱ्यांना वेळ किती मिळाला, आणि चित्रपटातली कोणती कृती त्यांनी खेळणाऱ्याच्या हातात दिली. या दोन्ही गोष्टी पैसे मोजण्यापूर्वी घरबसल्या कशा तपासायच्या, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पायरी पहिली: गेम नेमका कशावरून केला आहे ते पाहा

चित्रपटातले नाव गेमला आहे एवढ्यावरून तो चित्रपटावर बेतलेला आहे असे समजू नये. ढोबळमानाने चार प्रकार आढळतात. चित्रपटाच्या आगेमागे काही दिवसांत आलेला आणि तीच कथा सांगणारा गेम हा पहिला प्रकार. चित्रपटाचे विश्व आणि पात्रे घेऊन स्वतःची कथा रचणारा गेम हा दुसरा. २०१४ सालचा ‘एलियन: आयसोलेशन’ त्यातला आहे, कारण तो १९७९ च्या चित्रपटातील घटनांनंतर पंधरा वर्षांनी घडतो आणि त्याची नायिका त्या चित्रपटातील नायिका रिप्ली हिची मुलगी अमांडा आहे. तिसऱ्या प्रकारात चित्रपट प्रसिद्ध असतो, पण गेमचे हक्क मूळ पुस्तकाचे किंवा कॉमिक्सचे असतात. २०२३ सालच्या ‘हॉगवर्ट्स लेगसी’मध्ये शाळा ओळखीची असली तरी काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे, त्यामुळे हॅरी पॉटर त्यात भेटत नाही. त्याच वर्षीचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: गॉलम’ हाही पुस्तकाच्या हक्कांवर केलेला होता; चित्रपटातला गॉलम दिसेल या आशेने तो घेणाऱ्यांना वेगळाच चेहरा पाहावा लागला, आणि गेमची अवस्था इतकी वाईट होती की निर्मात्यांनी प्रसिद्धीनंतर जाहीर माफी मागितली. चौथा प्रकार म्हणजे चित्रपटाच्या प्रसिद्धीपुरता काढलेला फोनवरचा फुकट गेम. त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

कोणता प्रकार आहे हे ओळखण्यासाठी ऑनलाइन दुकानातल्या त्या गेमच्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरांत छापलेला हक्कांचा मजकूर वाचावा. तिथे चित्रपट कंपनीचे नाव असते किंवा मूळ साहित्यकृतीचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचे असते. नवख्याने शक्यतो दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. पहिल्या प्रकारात कथा आधीच माहीत असते, शेवटी कोण वाचणार हेही माहीत असते, आणि गेम करणाऱ्यांचे हात त्या कथेने बांधलेले असतात.

पायरी दुसरी: दोन तारखा शेजारी शेजारी लिहा

एका कागदावर चित्रपट कधी प्रदर्शित झाला ती तारीख लिहावी आणि तिच्या शेजारी गेम कधी बाजारात आला ती लिहावी. ही साधी कृती इतर कोणत्याही परीक्षणापेक्षा अधिक सांगून जाते.

याचे कारण समजण्यासाठी १९८२ पर्यंत मागे जावे लागते. ‘ई.टी.’ हा स्पीलबर्गचा चित्रपट त्या वर्षी जूनमध्ये आला आणि अमाप चालला. अटारी या गेम कंपनीने गेमचे हक्क मोठी रक्कम मोजून घेतले, पण वाटाघाटी संपेपर्यंत जुलै सरत आला होता आणि गेम नाताळच्या बाजारात असायलाच हवा होता. काडतुसे (तेव्हा गेम ज्यांत भरून विकत ते प्लास्टिकचे डबे) तयार करायला लागणारा काळ वजा केल्यावर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरच्या वाट्याला सुमारे पाच आठवडे आले. वॉरशॉ नवशिका नव्हता. ‘यार्स रिव्हेंज’ हा अटारीचा नावाजलेला गेम त्याचाच. तरीही पाच आठवड्यांत जे झाले ते असे की छोटा ई.टी. पडद्यावर पाऊल टाकतो न टाकतो तोच खड्ड्यात पडतो, मान लांब करून तरंगत वर येतो, आणि काठावर जरा चुकीच्या जागी पाय पडला की पुन्हा त्याच खड्ड्यात जातो. चित्रपट पाहून आलेल्या मुलांना यात ना आकाशात उडणारी सायकल मिळाली ना घरी परतण्याची हुरहूर. गेमच्या लाखो प्रती विकल्या गेल्या, पण त्याहून कितीतरी अधिक छापलेल्या होत्या. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरण्यात आला. पुष्कळ वर्षे ही नुसती दंतकथा समजली जाई. एप्रिल २०१४ मध्ये तिथे खोदकाम झाले तेव्हा काडतुसे खरोखरच निघाली. त्या काळातील अमेरिकी गेमउद्योगाच्या पडझडीचे खापर या एकाच गेमवर फोडण्याची पद्धत आहे, तो मात्र अन्याय आहे. बाजारात सुमार मालाचा पूर आधीच आला होता.

आपल्याकडे देवळाच्या जत्रेची तिथी ठरलेली असते आणि नाटकाची तालीम पुरी झाली नाही म्हणून ती कोणी पुढे ढकलत नाही. पात्राला संवाद पाठ असोत वा नसोत, रात्री पडदा वर जातोच. चित्रपटासोबत येणाऱ्या गेमचे नेमके असेच होते. चित्रपटाची तारीख गेमसाठी हलत नाही. त्यातच पटकथा शेवटपर्यंत बदलत असते, गुप्ततेपायी ती गेमवाल्यांना पूर्ण दाखवली जात नाही, आणि प्रत्येक पात्राचा चेहरा व पोशाख चित्रपट कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. हाताशी असलेल्या वेळातला मोठा भाग असल्या ये-जा करण्यातच जातो.

उलट उदाहरण ‘गोल्डनआय ००७’ या गेमचे आहे. जेम्स बाँडचा तो चित्रपट नोव्हेंबर १९९५ मध्ये आला, तर इंग्लंडच्या रेअर कंपनीने केलेला गेम निन्टेंडो ६४ या कन्सोलवर थेट ऑगस्ट १९९७ मध्ये उतरला. चित्रपटाची हवा ओसरल्यावर आलेला हा गेम बुडायला हवा होता. प्रत्यक्षात त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. मिळालेल्या वेळात करणाऱ्यांनी चित्रपटाच्या सेटवर जाऊन छायाचित्रे घेतली आणि इमारती तशाच उभ्या केल्या. पण कुठे जायचे आणि काय आधी करायचे याचे स्वातंत्र्य खेळणाऱ्याला दिले. चौघांनी एकाच टीव्हीचे चार भाग करून खेळण्याची सोय, जिच्यामुळे तो आजही लोकांच्या स्मरणात आहे, ती तर अगदी उशिरा घातलेली भर होती. तारीख पाळण्याची सक्ती असती तर ती सोय झालीच नसती.

तारखा जवळ आल्या म्हणजे गेम वाईटच, असा नियम मात्र करू नये. २००४ च्या जूनमध्ये ‘क्रॉनिकल्स ऑफ रिडिक’ हा चित्रपट आणि ‘एस्केप फ्रॉम बुचर बे’ हा त्याचा गेम काही दिवसांच्या अंतराने आले. चित्रपटाचे स्वागत थंड झाले आणि गेमची गणना त्या वर्षीच्या उत्तम गेममध्ये झाली. स्टारब्रीझ या स्वीडिश कंपनीने चित्रपटाची कथा न घेता, त्याआधी घडलेली तुरुंगातून पळण्याची स्वतंत्र कथा घेतली होती. म्हणजे पटकथा बदलली तरी त्यांचे काही अडत नव्हते. तारखा जुळत असतील तर म्हणूनच पहिल्या पायरीकडे परत जावे आणि कथा चित्रपटाचीच आहे का, हे पाहावे. दोन्ही उत्तरे ‘होय’ आली तर सावध राहिलेले बरे.

हा सावधपणा जुन्या गेमच्या बाबतीत अधिक लागतो. २०१० नंतर मोठा गेम तयार करायला तीन-चार वर्षे आणि प्रचंड खर्च लागू लागल्यामुळे चित्रपटासोबत गेम काढण्याचा प्रघात बराच मागे पडला. आज चित्रपटांच्या नावावर जे मोठे गेम येतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारातले असतात, आणि सरासरी दर्जा सुधारल्याचे खरे कारण माझ्या मते हेच आहे.

पायरी तिसरी: गेम कोणी केला ते शोधा

गेमच्या पानावर दोन नावे असतात: प्रकाशक आणि विकसक. पैसा आणि जाहिरात प्रकाशकाची असते, गेम घडवतो तो विकसक; आपल्याला दुसरे नाव हवे. त्या कंपनीने याआधी काय केले आहे ते शोधावे, आणि एकच जुना गेम पाहून थांबू नये.

पोलंडमधील टेयॉन कंपनीचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०१४ मध्ये तिने ‘रॅम्बो’ चित्रपटांवर गेम काढला, त्याची सर्वत्र टर उडवली गेली. २०१९ मध्ये ‘टर्मिनेटर: रेझिस्टन्स’ आला, समीक्षकांनी नाके मुरडली, खेळणाऱ्यांना मात्र तो आवडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘रोबोकॉप: रोग सिटी’त मूळ नट पीटर वेलरचाच आवाज आहे, आणि गोळीबाराच्या मधल्या वेळात रोबोकॉप पोलीस ठाण्यात लोकांच्या तक्रारी लिहून घेतो, चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाड्यांना दंड करतो. चित्रपटातला यंत्र झालेला पोलीस शिपाई या रटाळ कामांतून जितका कळतो तितका गोळ्या झाडून कळत नाही. कंपनी त्याच जातीचे काम करीत करीत शिकत गेली, हे तीन नावे ओळीने वाचली की दिसते.

आणखी एक फसगत इथे टाळता येते. जुन्या काळी एकाच नावाचा गेम निरनिराळ्या यंत्रांसाठी निरनिराळ्या कंपन्या करीत असत. २००४ सालच्या ‘स्पायडर-मॅन २’ची कन्सोलवरील आवृत्ती ट्रेयार्कने केली आणि ती नावाजली गेली, त्याच नावाची संगणकावरील आवृत्ती दुसऱ्याच कंपनीने लहान मुलांसाठी केलेली, साधीसुधी होती. खोके जवळजवळ सारखेच होते. जुनी डिस्क कोणी स्वस्तात देत असेल तर ती कोणत्या यंत्राची आहे, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

पायरी चौथी: हाताला काय काम आहे ते पाहा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. यूट्यूबवर गेमचे नाव घालून, कोणी बोलत नसलेला, सलग खेळाचा व्हिडिओ शोधावा. जाहिरातीचा ट्रेलर पाहू नये. ट्रेलर चित्रपटासारखा कापलेला असतो, आणि चित्रपटासारखे दिसणे ही तर या गेमची नेहमीचीच लबाडी आहे.

ट्रेलरवर किती विसंबावे याचा धडा ‘एलियन्स: कलोनिअल मरीन्स’ने २०१३ मध्ये घालून दिला. आधी दाखवलेल्या नमुन्यात प्रकाश, सावल्या आणि अंगावर धावून येणारे परग्रही जीव विलक्षण होते. विकत मिळालेल्या गेममध्ये तेच जीव भिंतीजवळ घुटमळत, खेळणाऱ्यासमोर येऊन नुसते उभे राहत. फसवणुकीचा आरोप करीत खटलाही दाखल झाला. याची एक गंमत अशी की पुढे २०१८ मध्ये गेमच्या एका साध्या मजकूर-फायलीत ‘टेदर’ या इंग्रजी शब्दात एक ‘ए’ जास्तीचा पडल्याची बातमी झाली. तेवढे अक्षर काढले की त्या जिवांची चाल बरीच सुधारत होती. अर्थात एका अक्षराने सगळा गेम बिघडला होता असे कोणी मानू नये. पण इतकी उघडी चूक विक्रीपूर्वी कोणाच्याही नजरेस पडली नाही, यावरून त्या कामाची घाई आणि विस्कळीतपणा दिसतो.

व्हिडिओ पाहताना मनाशी एकच प्रश्न धरावा: त्या चित्रपटाचा प्राण ज्या कृतीत आहे, ती कृती इथे खेळणारा स्वतः करतो का? स्पायडर-मॅनचा प्राण झोके घेण्यात आहे. ‘स्पायडर-मॅन २’मध्ये जाळ्याचा धागा खरोखरच समोरच्या इमारतीला चिकटतो, त्यामुळे झोका कधी सोडायचा, उंची कशी मिळवायची, हे हाताला शिकावे लागते आणि एकदा जमले की नुसते फिरण्यातही आनंद मिळतो. त्याच्या आधीच्या गेममध्ये धागा कुठेतरी आकाशाला चिकटत असे. दिसायला दोन्ही झोकेच. खेळायला जमीन-अस्मानाचा फरक. (पिझ्झा पोचवण्याची आणि हरवलेले फुगे आणण्याची तीच ती कामे या गेममध्येही कंटाळा आणतात, हे सांगायला हवे.)

‘एलियन’ या पहिल्या चित्रपटात लढाई जवळजवळ नाहीच, लपणे आहे. ‘आयसोलेशन’ करणाऱ्या क्रिएटिव्ह असेंब्लीने हे ओळखले. चित्रपटाच्या फॉक्स कंपनीने त्यांना चित्रपटाच्या निर्मितीचे जवळजवळ तीन टेराबाइट साहित्य दिले होते आणि त्यातून अवकाशस्थानकाचा प्रत्येक बोळ, जुन्या धाटणीचे प्रत्येक बटण उभे राहिले; पण गेम चांगला झाला तो त्यामुळे नव्हे. चांगला झाला तो एका जिवामुळे, ज्याला मारता येत नाही. त्याची चाल ठरवण्यासाठी दोन पातळ्यांची योजना आहे: एका पातळीला खेळणारा कुठे आहे ते कायम माहीत असते आणि ती त्या जिवाला अधूनमधून फक्त दिशेचा इशारा देते; जिवाला स्वतःला काहीच माहीत नसते, त्याला आपल्या कानांनी आणि डोळ्यांनी शोधावे लागते. कपाटात लपून श्वास रोखताना जी भीती वाटते ती या योजनेतून येते, चित्रांच्या हुबेहूबपणातून नाही.

२००५ च्या ‘किंग काँग’च्या गेममध्ये मिशेल आन्सेल यांनी पडद्यावरचे सगळे आकडे काढून टाकले होते. ना किती जीव उरला ते दाखवणारी रेषा, ना गोळ्यांचा हिशेब. किती गोळ्या उरल्या ते पात्र स्वतः बोलून सांगते. चित्रपटाजवळ जाण्याचा हा मार्ग मला कोणत्याही महागड्या चित्रफितीपेक्षा अस्सल वाटतो.

याउलट, व्हिडिओत दर काही मिनिटांनी खेळ थांबून चित्रपटाची फीत सुरू होत असेल, मधल्या वेळात सगळीकडे तीच दोन बटणे दाबून तेच शत्रू पाडले जात असतील, आणि नायक बदलून दुसरा कोणी ठेवला तरी काही फरक पडणार नाही असे वाटत असेल, तर तो गेम नावावर विकला जात आहे असे समजावे.

आपल्याकडचे गेम

हिंदी आणि तेलुगू चित्रपटांवरचे गेम हा वेगळा विषय आहे आणि त्यात फार वेळ घालवण्यासारखे सध्या थोडेच आहे. २००८ मध्ये ‘गजनी’वर हैदराबादच्या एफएक्सलॅब्सने संगणकासाठी गेम केला; २०११ मध्ये ‘रा.वन’चा प्लेस्टेशनवर आला. दोन्ही प्रयत्न धाडसाचे होते, कारण तेव्हा इथे अशा कामाचा अनुभव असलेली माणसेच मोजकी होती, आणि तारखेची घाई त्यांनाही चुकली नाही. पुढे सगळा ओघ फोनकडे वळला. ‘धूम ३’चा २०१३ मधला मोटारसायकलचा गेम कोकण रेल्वेच्या आपल्याच मार्गावरील उडुपीच्या नाइन्टीनाइन गेम्सने केला, तर ‘बाहुबली’चा गेम २०१७ मध्ये बेंगळुरूच्या मूनफ्रॉगने आणला, त्यातला राज्य उभारण्याचा आणि सैन्य पाठवण्याचा साचा आधीच लोकप्रिय असलेल्या गेमचा होता. हे गेम फुकट असतात, वेळ घालवायला वाईट नसतात, पण त्यांची उमेद चित्रपटगृहातल्या आठवड्यांपुरतीच असते. नंतर सुधारणा थांबतात, नव्या फोनवर ते नीट चालत नाहीत, पुष्कळदा दुकानातून दिसेनासेही होतात. त्यांत पैसे घालून नाणी किंवा पोशाख विकत घेऊ नयेत, एवढा एकच सल्ला पुरे.

पायरी पाचवी: परीक्षणे वाचा, पण तारीख बघून

अनेक परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर १०० पैकी गुण दिसतात. ७५ च्या वर असेल तर गेम साधारणपणे चांगला, ५० च्या खाली असेल तर बहुधा वाईट. मधल्या पट्ट्यात मात्र गुणांवरून काही ठरवू नये, कारण चित्रपटावरचे कित्येक आवडते गेम याच पट्ट्यात आहेत. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळणाऱ्यांची ‘एकूण’ आणि ‘अलीकडील’ अशी दोन मते वेगळी दिलेली असतात. अलीकडील मत एकूण मतापेक्षा बरे असेल तर गेम दुरुस्त झाला आहे, वाईट असेल तर एखाद्या नव्या बदलाने बिघडला आहे. ‘स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर’ २०२३ मध्ये आला तेव्हा संगणकावर अडखळत चालत असे, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या परीक्षणांत राग अधिक आहे. चित्रपटाच्या कडव्या चाहत्याने लिहिलेले परीक्षण ओळखणे सोपे असते: त्यात संवाद, पोशाख, संगीत यांचे कौतुक असते आणि खेळण्याविषयी चार ओळीही नसतात.

पायरी सहावी: आपले यंत्र, आपली वीज

पानावरील ‘किमान’ अपेक्षा वाचावी आणि तिच्यापेक्षा आपले यंत्र थोडे वरचढ असेल तरच पुढे जावे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा चित्रपटाच्या जवळ जाणाऱ्या उत्तम गेमपैकी एक आहे, पण त्याला रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब) करू शकणारे ग्राफिक्स कार्ड असल्याशिवाय तो सुरूच होत नाही आणि जागा १२० जीबीच्या घरात लागते. पेडणे किंवा सत्तरीच्या आतल्या गावात फोनच्या डेटावर एवढा गेम उतरवायला निघणे शहाणपणाचे नाही. तो शहरातल्या नातेवाइकाच्या फायबरवर उतरवून लॅपटॉप घरी आणणे बरे. ‘आयसोलेशन’ मात्र जुन्या, मध्यम ताकदीच्या संगणकावरही नीट चालतो.

विजेचा विचार परदेशी परीक्षणांत कधीच नसतो, तो आपण करायचा. जून-जुलैच्या पावसात माड तारेवर कोसळला की लाईट किती वेळाने येईल ते सांगता येत नाही, आणि गेम प्रगती कशी जतन करतो यावर आपली संध्याकाळ अवलंबून असते. ‘आयसोलेशन’मध्ये आपोआप जतन होत नाही. भिंतीवरचा टेलिफोनसारखा डबा शोधायचा, त्यात कार्ड घालायचे, आणि तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभे राहायचे. तेवढ्यात मागून परग्रही जीव आला तर सगळे पाण्यात. भीतीसाठी ही योजना अप्रतिम आहे, पण दोन डब्यांच्या मध्ये वीज गेली तर अर्ध्या तासाचे काम पुन्हा करावे लागते. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर पावसाळ्यात असा गेम सुरू करू नये. लॅपटॉपवर हरकत नाही. जतनाची पद्धत गेमच्या नावापुढे ‘ऑटोसेव्ह’ असा शब्द घालून शोधली की मिनिटभरात कळते.

पायरी सातवी: वय

चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाने दिलेले प्रमाणपत्र गेमला लागू होत नाही. घरातल्या मुलाने तो चित्रपट पाहिला आहे म्हणून गेमही चालेल, असे धरू नये. चित्रपटात दोन मिनिटांचा मारहाणीचा प्रसंग गेममध्ये दहा तास चालू शकतो, आणि तो करणारा आपणच असतो. पेगी ही युरोपीय पद्धत ३, ७, १२, १६ व १८ अशी वये सांगते आणि बहुतेक दुकानांत ती दिसते. ‘रोबोकॉप’ आणि ‘आयसोलेशन’ १८ चे आहेत.

पायरी आठवी: कधी आणि कुठून घ्यावा

नवा गेम पूर्ण किमतीला घेण्याची घाई नसावी. स्टीमवर जूनच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या अखेरीस मोठे सेल लागतात, किंमत रुपयांत असते आणि यूपीआयने पैसे भरता येतात. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे २ तास भरण्यापूर्वी मागितल्यास पैसे परत मिळतात. कन्सोलच्या दुकानांचे नियम याहून कडक असतात, तेव्हा तिथे चौथी पायरी अधिक काटेकोरपणे पाळावी.

चित्रपटावरच्या गेमला एक जास्तीचा धोका असतो, तो म्हणजे हक्कांची मुदत. ती संपली की गेम चांगला असो वा वाईट, दुकानातून काढला जातो. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेला बाँडचा ‘००७ लेजंड्स’ जानेवारी २०१३ मध्येच स्टीमवरून नाहीसा झाला. आधी विकत घेतलेल्यांच्या खात्यात असा गेम सहसा राहतो. नव्याने मात्र घेता येत नाही, आणि वर नावे घेतलेले २००४-०५ चे काही गेम आज डिजिटल दुकानांत याच कारणाने सापडत नाहीत. म्हणून एखादा जुना गेम पसंत पडला असेल आणि किंमत परवडत असेल, तर पुढच्या वर्षीच्या सेलची वाट पाहू नये. डिस्क मिळत असेल तर चित्रपटावरच्या गेमसाठी डिस्कच बरी. कोणी गेम उघडण्याचा ‘कोड’ स्वस्तात देतो म्हणून व्हॉट्सॲपवर पैसे पाठवू नयेत.

पायरी नववी: पहिले दोन तास

गेम हाती आल्यावर पहिला अर्धा तास ओळखीतच जातो: कथेची चित्रफीत, बटणांची शिकवणी, चित्रपटातल्या एखाद्या प्रसिद्ध प्रसंगाची आठवण. या अर्ध्या तासावरून मत बनवू नये, कारण निर्मात्यांनी सर्वांत अधिक मेहनत तिथेच घेतलेली असते. पुढच्या तासात पाहायचे ते असे. शिकवणी संपल्यावर गेम स्वतःहून बाजूला होतो, की बोट धरूनच चालवतो? हरल्यावर आपण काय चुकलो ते कळते, की नुसते पुन्हा करायला लावले जाते? चित्रपट न पाहिलेल्या घरातल्या कोणाच्या हातात कंट्रोलर दिला तर त्याला पाच मिनिटांत रस वाटतो का? ही शेवटची कसोटी मी सर्वांत विश्वासाची मानतो, कारण त्या माणसाला नावाची मोहिनी नसते. उत्तरे नकारार्थी आली आणि गेम स्टीमवर घेतलेला असेल, तर घड्याळात दोन तास भरायच्या आत पैसे परत मागावेत.

कुठून सुरुवात करावी, याचे उत्तर घराप्रमाणे बदलते. चतुर्थीला मूळ घरी भावंडे जमतात, टीव्ही एक आणि खेळणारे पाच-सहा, वये सात ते सत्तावीस, अशा ठिकाणी ‘लेगो स्टार वॉर्स: द स्कायवॉकर सागा’ घ्यावा. नऊ चित्रपटांची कथा त्यात खेळकरपणे सांगितली आहे, दोघे जण एकाच पडद्यावर खेळू शकतात, आणि दुसरा खेळाडू आरतीला हाक आली म्हणून मध्येच उठला तरी पहिल्याचे अडत नाही. एकट्याने रात्री खेळायचे असेल आणि भीती सोसत असेल तर ‘आयसोलेशन’. तो डिसेंबर २०२१ पासून अँड्रॉइड आणि आयफोनवरही आहे, मात्र छोट्या पडद्यावर बोटांनी खेळण्यापेक्षा ब्लूटूथ कंट्रोलर जोडावा. ज्याला १९८०-९० च्या दशकांतल्या चित्रपटांची ओढ आहे त्याने ‘घोस्टबस्टर्स’चा २००९ चा गेम, २०१९ मध्ये नव्याने सजवलेल्या रूपात, घ्यावा; मूळ नटांचे आवाज त्यात आहेत आणि डॅन अ‍ॅक्रॉइड व हॅरोल्ड रेमिस यांनी संहितेवर काम केले आहे. तो फार अवघड नाही आणि नवख्याला दमवत नाही. नवा, ताकदवान संगणक असेल तर ‘ग्रेट सर्कल’ घ्यावा, आणि त्यात पिस्तुलाला हात न लावता आसूड, वेषांतर आणि हाताला येईल ती वस्तू यांवर भिस्त ठेवून खेळावे. गेमची रचना त्या पद्धतीसाठीच केलेली आहे आणि पिस्तूल काढले की तो पुष्कळ साधा वाटू लागतो.